स्कॉटलंडच्या गिरणगावाला गॅलरी

लेकीला शाळेत स्कॉटलंडमधल्या एका जुन्या सूतगिरणीवर प्रोजेक्ट होतं. नदीकाठी गिरणी, आणि शेजारी मालकाने कामगारांसाठी वसवलेलं गाव: घरं, दुकान, मुलांना शाळासुद्धा. मॉडेल मी करतो म्हटलं. गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला काय अवघड? इथे आखातात, करामातल्या आमच्या हॉलमध्ये पुठ्ठे कापायला बसलो आणि हात असा सुटला की घरांना लांबलचक गॅलऱ्या, गॅलऱ्यांत दोऱ्या, दोऱ्यांवर चिंध्यांचे लेंगे!

लेक किंचाळली, "बाबा! धिस इज स्कॉटलंड! आय विल फेल!"

"अहो, तिथल्या थंडीत लेंगे वाळणार कधी?" बायको हसून हसून सोफ्यावर आडवी झाली.

गॅलऱ्या उपटाव्यात तर भिंतीही निघून यायला लागल्या. तसंच नेलं.

प्रदर्शनात टीचरने गॅलरीवर बोट ठेवलं. लेक गडबडली, मग इंग्रजीत म्हणाली, "तिथेही अख्खं कुटुंब एका खोलीत राहायचं. गप्पा मारायला बाहेर जागा नको? म्हणून माझ्या बाबांनी त्यांच्या चाळीतली गॅलरी दिली." टीचर खूश! चाळीबद्दल आणखी सांगा म्हणाली. मी सुरूच झालो. नळावरच्या भांडणापर्यंत पोचलो, तेव्हा पुढचा ग्रुप मॉडेल धरून ताटकळत होता.

लेकीने माझी बाही ओढली. "बाबा, खलास, पुरे आता! मार्क्स मिळाले!"