दोनदा फोन करा

आमच्या घरात फोन एकदाच वाजून कट झाला की समजायचं, सगळं ठीक. आई मुलुंडहून मावशीकडे मानखुर्दला पोचली की एक मिस्ड कॉल. तो उचलायचा नाही, उलट करायचाही नाही. आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत, तरी तिची रीत तीच. आणि लागोपाठ दोनदा वाजला तर गावाकडे कुणीतरी वारलं. आजी गेली तेव्हा तसाच वाजला, काका गेले तेव्हाही. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण दुसऱ्या रिंगला आई हातातलं काम खाली ठेवायची.

आमच्याकडे कॉलेज पूर्ण केलेला पहिला मी. त्याचा मला अभिमान आहे, उगाच लाजत नाही. बाबा तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद झाली आणि ज्या मागावर ते रोज उभे राहायचे त्याच्या जवळसुद्धा कुणी फिरकू देईना. यंत्र मालकाचं, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. म्हणून नोकरी लागल्यावर मी एक वेगळा फोन मागवला. त्याचं सगळं सॉफ्टवेअर उघडं, कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं. माझं यंत्र माझं. घरी मोठ्या ऐटीत दाखवला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "वाजतो ना?"

वाजायचा, पण दुसऱ्यांदा. बॅटरी वाचवायला तो गाढ झोपायचा आणि पहिला फोन त्याला जागं करण्यातच संपायचा. करणाऱ्याला रिंग ऐकू यायची, इकडे नोंदसुद्धा नाही. लगेच पुन्हा केला तर मात्र खणखणीत. ते सॉफ्टवेअर लिहिणारे आणि वापरणारे इंटरनेटवर एका ठिकाणी जमायचे. तिथे या तक्रारीखाली एकच उत्तर होतं: माहीत आहे, दोनदा फोन करायला सांगा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कॅमेऱ्याला एक जुगाड, नकाशाला दुसरा. त्यातले काही मी स्वतः शोधले होते आणि परक्या देशांतल्या लोकांनी आभार मानले होते. अंधेरीच्या ऑफिसातला मित्र म्हणायचा, "यार, तुझ्याकडे फोन आहे की गृहपाठ?" पण तोही दोनदा करायला शिकला. सगळे शिकले.

आईला सांगितलं तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोनदा फोन माणूस गेल्यार करतत. मी करूचंय नाय."

मी हसलो. फोन कसा झोपतो, कसा जागा होतो, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, एवढा शिकलेला तू, त्या फोनालाच एकदा सांगितलेलं समजेल असं कर.

त्यानंतर काही महिन्यांनी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. भर दुपारची वेळ. आईने शेजारच्या काकूंना हाक मारली, दोघींनी त्यांना रिक्षात घातलं, हॉस्पिटलात नेलं. तिथून आईने मला फोन केला. एकदाच, पण रिंग संपेपर्यंत. मग बाकावर बसून राहिली. मी उलट फोन करीन म्हणून.

माझा फोन टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी होता. मी त्याच्याकडे कितीदा तरी पाहिलं असेन. काळा, शांत. संध्याकाळी घरी आलो तर दाराला कुलूप. किल्ली शोधत होतो तेवढ्यात हॉस्पिटलातून परतलेल्या काकूंनी आपलं दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तुला कळवलं नाही का रे कुणी?"

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा बाबांच्या हृदयाची नळी मोकळी करून झाली होती. कागदांवर आईने सही केली होती. इंग्रजी कागद, कुणी वाचून दाखवलेही नसतील. घरात ते वाचायला मी होतो, त्यासाठीच तर मला शिकवलं होतं. मी तिला एवढंच विचारलं, पुन्हा का नाही केलास?

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ते जिते आसत ना रे. मग दुसरो फोन कसो करतलंय?"

काकूंना तरी करायला सांगायचंस, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण काकूंनी विचारलंही असेल आणि आईने त्यांना हात धरून थांबवलं असेल.

बाबा घरी आल्यावर मी इंटरनेटवरच्या त्याच तक्रारीखाली लिहिलं की हा उपाय चालत नाही, मला फोन करणारी माणसं दोनदा करणार नाहीत. एकाने अगदी सभ्यपणे विचारलं, त्यांना समजावून सांगता येणार नाही का? मी आजीचं लिहिलं, काकांचं लिहिलं, बाकावरच्या आईचं लिहिलं. वाचून पाहिलं आणि सगळं पुसलं. मग एकच शब्द लिहून पाठवला. नाही.