थंडीतली कजली

आमच्या पिपरोद्यात खुमानकक्का बैलाशी बोलणारे म्हणून ओळखले जायचे. बैलाशी काय, सगळेच बोलतात. पण कक्का बैलाला जे सांगायचे ते बांधापलीकडच्या सख्ख्या भावासाठी असायचं.

"काय रे धौऱ्या," ते मोठ्यानं म्हणायचे, "दर नांगरटीला हा बांध बोटभर इकडे कसा सरकतो? पाय फुटलेत का त्याला?"

पलीकडून परमालकक्का आपल्या शेळीची पाठ थोपटत म्हणायचे, "ऐकलंस गं? बैलाला विचारतोय. घरात कोणी उत्तर देत नसेल बिचाऱ्याला."

मी सागरहून बी.ए. करून या गावात सून म्हणून आले तेव्हापासून हे ऐकत होते. आधी हसायचे. आमचं दार त्यांच्या दोघांच्या दारांसमोर. त्यांची घरं एकाच घराची दोन झालेली, मधली भिंत एक. अलीकडे खोकला आला की पलीकडे कळायचा. तरी त्यांच्या आईच्या तेराव्याला शेताची वाटणी झाली आणि तेव्हापासून दोघा भावांत सरळ शब्द गेला नव्हता. कोणी बांध कोरला हे मला अजून कळलेलं नाही. पटवारी मोजणीची साखळी घेऊन आला होता, तोही दोघांकडचा चहा पिऊन, काही न सांगता गेला.

बाप लहानपणी गेला. परमालला खुमानकक्कांनीच वाढवलं. एकदा खुमानकक्का वखर हाकत होते, दहा-बारा वर्षांचा परमाल खोड्या करत मागून धावत आला आणि वखराची धारदार पास त्याच्या डाव्या पायावर आली. करंगळी तुटली. नदीला पूर होता. खुमानकक्कांनी भावाला पाठीवर बांधून नदी पार केली आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. करंगळी काही बसली नाही. पुढे परमालकक्कांच्या डाव्या पायाला चारच बोटं राहिली, आणि नवी चप्पल घेतली की ते सगळ्या गावाला सांगायचे, "दद्दाची कृपा, एका बोटाची जागा फुकट मिळते." तेव्हा बोलत होते, थोरल्याला दद्दा म्हणत होते, म्हणून.

शहराचा नवा रस्ता आमच्या शिवाराला लागून जाणार अशी बातमी आली आणि हातभर बांधालाही भाव आला. परमालकक्कांचा मुलगा देशराज दलालांच्या मोटरसायकलवर मागे बसून फिरायला लागला. खुमानकक्कांना एकच मुलगी, ललितपूरला दिलेली. जावई सणाला आला की जेवणाआधी शेतावर चक्कर मारायचा. शेत विकायला कक्का कोणालाच होय म्हणत नव्हते. एकदा मी हातपंपावर असताना ते जवळ येऊन म्हणाले, "बहू, तू शिकलेली आहेस. मला एक सांग. तो बांध मागतो ना? सगळा घ्यावा त्यानं. पण समोर येऊन मागावा. मरायच्या आधी एकदा 'दद्दा' म्हणून मागावा. एवढंच पाहिजे मला, हे जास्त आहे का?"

मी म्हटलं, "तुम्हीच हाक मारा ना."

"मी थोरला आहे," ते म्हणाले. जणू त्यात सगळं आलं.

त्या हिवाळ्यात मुंबईहून सिनेमावाले आले. शेतकरी, जमीन आणि लोभ यांच्यावर हसरा सिनेमा काढायचा होता. तरणा दिग्दर्शक होता, सगळे त्याला सर म्हणायचे. जागा बघत तो आमच्या शिवारात फिरत होता तेव्हा बैल-शेळीमार्फत चाललेलं भांडण त्याच्या कानावर पडलं. हसून हसून तो ढेकळांतच बसला. त्याच्या गोष्टीत दोन लोभी भाऊ होतेच. मुंबईचे दोन नट परत पाठवून त्यानं हे दोघे घेतले.

परमालकक्का म्हणाले, "मी करीन, पण त्याच्याशी बोलणार नाही." ते त्यांनी शेळीला सांगितलं.

सर म्हणाले, "कक्का, तुम्ही नाही बोलायचं. सिनेमातला भाऊ बोलेल."

यावर दोघेही तयार झाले.

शेवटच्या दृश्यासाठी त्यांना कजली हवी होती. राखीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ती एकमेकांना देतात. पळसाच्या द्रोणात, अंधाऱ्या खोलीत उगवलेली गव्हाची पिवळीधमक रोपं. धाकट्यानं थोरल्याच्या हातावर ठेवायची, पाया पडायचं, थोरल्यानं दोन काड्या त्याच्या कानावर खोवायच्या. वर्षभराचं भांडण तिथं मिटतं. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथं आधी जायचं. हातात घेतलेली कजली परत करता येत नाही आणि कजली घेतलेल्याशी वैर धरता येत नाही.

सिनेमाची बाई मला म्हणाली, दीदी, तुम्ही पेराल का? खुमानकक्कांची बायको गेंदाकाकी ऐकत होती. "थंडीत कजली?" ती म्हणाली. "खोटी ती खोटी. सणाचं असं खेळणं करू नये."

कक्का अंगणातून म्हणाले, "गव्हाला काय ठाऊक, सिनेमा चाललाय का सण? तो उगवला म्हणजे खराच उगवला."

मी पेरली. थंडीत कोंब येईनात, म्हणून चुलीमागे ऊबेला द्रोण ठेवले. कक्का रोज दारात यायचे. "बहू, डोकावली का?" बोटभर आली त्या दिवशी त्यांनी द्रोण हातात घेऊन वास घेतला आणि तसेच परत गेले.

दृश्य त्यांच्या खऱ्या बांधावरच होतं. सगळा गाव जमला होता. परमालकक्कांनी द्रोण आणायचा, भावाच्या हातात द्यायचा, पाया पडायचं आणि म्हणायचं, "दद्दा, विसरा आता." खुमानकक्कांनी म्हणायचं, "विसरलो, लल्ला. बांध तुझा, शेत तुझं." मग मिठी.

परमालकक्का आले. वाकले. "दद्दा, विसरा आता."

खुमानकक्का नुसते बघत राहिले. "कट," सर ओरडले. "कक्का, तुमची ओळ!"

"विसरलो."

"अहो तीच ओळ आहे, विसरलो! पुढचं बोला."

लोक हसले. पुन्हा परमालकक्का आले, पुन्हा वाकले, पुन्हा "दद्दा, विसरा आता." खुमानकक्का पुन्हा गप्प. असं किती वेळा झालं. ऊन उतरायला लागलं. सरांनी डोक्याला हात लावला. "एवढीशी ओळ, कक्का! पोरगंसुद्धा म्हणेल."

गेंदाकाकी माझ्या शेजारी उभी होती. पदराआडून हळूच म्हणाली, "येते गं त्यांना. चार दिवस धौऱ्यापुढे म्हणताहेत. रात्री झोपेतसुद्धा म्हणाले." मग तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. मलाही तेव्हाच कळलं. त्यांना ती हाक परत परत ऐकायची होती.

शेवटी प्रकाश जाणार म्हणून सर रडकुंडीला आले तेव्हा कक्कांनी ओळ म्हटली, एकाही अक्षराची चूक न करता. भावाच्या कानावर काड्या खोवल्या. मिठी मारली ती सर "कट" म्हणाले तरी सुटेना. कोणाकडून सुटेना ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कक्का धुतलेलं धोतर नेसून, नवा साफा बांधून, गुळाची ढेप फडक्यात घेऊन बाहेर पडले आणि वळून परमालकक्कांच्या दारात उभे राहिले. मी पंपावर घागर भरत होते. देशराज उंबऱ्यावर दाढी करत बसला होता.

"लल्ला आहे का?"

देशराजनं आरशातून वर पाहिलं. "मोठे कक्का, शूटिंग संपलं. कॅमेरा गेला."

आतून परमालकक्का आले. त्यांच्या कानावर काड्या अजून होत्या, सुकलेल्या. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग मुलाकडे. हात कानाकडे गेला आणि काड्या मुठीत आल्या.

"ते सिनेमाचं होतं," ते म्हणाले. "त्याची मजुरी मिळाली."

खुमानकक्कांनी फडकं सोडलं. मग गूळ ओट्यावर ठेवला. "शेळीला घाल," म्हणाले आणि परत फिरले. माझी घागर केव्हाच भरून वाहत होती, मी हापसतच होते.

पुढच्या थंडीत सिनेमा तयार झाला. सरपंचांनी शाळेच्या मैदानात पडदा लावला. आपलीच गल्ली, आपलीच म्हैस पडद्यावर बघून लोक बेभान झाले होते. दोघा भावांचं भांडण सुरू झालं की शिट्ट्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू. खुमानकक्का पुढच्या रांगेत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, न हसता बसले होते. ते एकाच गोष्टीसाठी आले होते. परमालकक्का अगदी मागे, भिंतीला टेकून.

शेवटचं दृश्य आलं. कजली. "दद्दा, विसरा आता." मैदान शांत झालं. बायांनी डोळे पुसले. मिठी. आणि मग चित्र हळूहळू खाली उतरलं, दोघांच्या पायांपर्यंत. मिठी चालू असतानाच धाकट्याचा डावा पाय बांधावरचा हद्दीचा दगड हळूच ढकलत होता, भावाच्या शेतात.

मैदान फुटलं. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होते. "वा रे परमाल!" "रक्तातच आहे!"

खुमानकक्का उठले. त्यांच्या साफ्याची सावली पडद्यावर पडली.

"तो पाय परमालचा नाही!" ते ओरडले. "बघा नीट, पाच बोटं आहेत! परमालला करंगळी नाही. माझ्या वखराखाली गेली ती. दुसऱ्याचा पाय लावलाय! थांबवा ते, परत दाखवा!"

आता सिनेमापेक्षा जास्त हसू आलं. "कक्का, बसा, दिसत नाही!" "कक्का, बैलाला सांगा!" ते पडद्यावर बोट ठेवून बोटं मोजून दाखवत होते आणि पायाचं चित्र त्यांच्या हातावर पडत होतं. मागे परमालकक्का उठले आणि अंधारात निघून गेले. खुमानकक्कांनी त्यांना जाताना पाहिलं. त्यांचा हात खाली आला.

घरी परतताना ते मला म्हणाले, "रागावला, बहू. चारचौघांत त्याच्या पायाचं व्यंग बोललो मी. असं बोलायला नको होतं."

"नाही कक्का, तुम्ही त्यांची बाजू घेतलीत."

"नाही. रागावला."

त्यानंतर पोरांना ते चिडवायला निमित्त झालं. कक्का दिसले की कोणीतरी ओरडायचं, "तो पाय परमालचा नाही!" कक्का मान खाली घालून जायचे. बैलाशी बोलणंही बंद झालं. चैत्रात गहू कापणीला आला असताना बांधाला टेकून बसले होते, तसेच गेले. परमालकक्कांनी खांदा दिला. बोलले काहीच नाहीत. कोणाशी बोलणार?

यंदा राखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच परमालकक्का गेंदाकाकीच्या अंगणात आले. मी तिथंच होते. हातात द्रोण. देशराज बरोबर नव्हता.

"भौजी," ते म्हणाले.

गेंदाकाकी उठली नाही. "कोणासाठी आणलीत?"

त्यांनी द्रोण पुढे केला. मग म्हणाले, "त्या पायाचं दृश्य मला करायला सांगितलं होतं. सिनेमावाले परत आले होते, वेगळे पैसे देत होते. मी नाही म्हटलं. दद्दांनी कजली घेतलेली आहे, म्हटलं, आता मी त्या दगडाला पाय लावणार नाही. मग त्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी घेतला."



"मग हे सांगितलं का नाही?" गेंदाकाकी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्याचंच मला भय वाटलं. "सिनेमा दाखवला त्या रात्री सांगायचं. भिंत एकच आहे. ते खोकायचे तेही ऐकू येत होतं ना? भिंतीतून सांगायचं. शेळीला सांगायचं, त्यांनी ऐकलं असतं!"

परमालकक्का म्हणाले, "गूळ आणला त्या सकाळी पोरगा होता दारात." आणि मग, "पुढे लाज वाटली."

गेंदाकाकीनं द्रोण घेतला नाही. नाकारलाही नाही. नुसती गुडघ्यात डोकं घालून बसली. थोड्या वेळानं ते द्रोण घेऊन बाहेर पडले आणि शेताकडे निघाले. त्यांना एकटं सोडवेना म्हणून मी मागे गेले.

आषाढातच दोन्ही शेतं विकली गेली होती. इकडून जावयानं, तिकडून देशराजनं, एकाच दलालाला, एकाच दिवशी. यंत्र येऊन सगळं सपाट करून गेलं होतं. लाल मुरूम पसरलेला, चारी कोपऱ्यांना सिमेंटचे खांब. मधे काहीच नव्हतं.

परमालकक्का इकडे गेले, तिकडे गेले. चप्पल काढून अनवाणी पायानं जमीन चाचपून पाहिली. मग द्रोण छातीशी धरून माझ्याकडे वळले.

"बहू, बांध कुठं होता गं? दद्दा टेकून बसायचे ती जागा?"

मी आजूबाजूला पाहिलं. इतकी वर्षं रोज बघितलेला बांध, पण मलाही सांगता येईना. "इथंच कुठंतरी," म्हटलं.

संध्याकाळी घरी आले तर माझी दोन्ही मुलं ओसरीवर फोनमध्ये आपल्या शेताचा नकाशा बघत होती. हसतखेळतच. "आई, विहीर कोणाच्या वाट्याला येईल गं?" धाकट्यानं विचारलं. थोरल्यानं त्याच्या डोक्यात टपली मारली. दोघेही हसले. मी आत जाऊन त्यांच्यासाठी पेरलेली कजली आणली आणि म्हटलं, आधी ही द्या एकमेकांना, माझ्यासमोर. त्यांनी दिली, मला बरं वाटावं म्हणून. आता एकाच खोलीत झोपलेत. मी मधूनमधून उठून दार लोटून बघते आहे.