चादरीचं दुसरं टोक

भट्टीवरच्या हौदातून काढलेली सुताची ओली लडी दोन्ही हातांत ताणायची, दाराच्या उजेडात धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "वाळू द्या, मग बघू." ओला रंग खोटं बोलतो, असं आमच्या चादरींच्या कारखान्यातल्या रंगारीबुवांचं म्हणणं. सूत ओलं असताना गडद दिसतं आणि वाळल्यावर खरं काय ते कळतं. इथपर्यंत ठीक आहे, रंगाऱ्यानं असं म्हणावंच. पण हे गृहस्थ जगातल्या प्रत्येक गोष्टीला तेच म्हणायचे. शेठनी कारखान्यावर नवे पत्रे घालायचं कबूल केलं, की हे म्हणणार, "वाळू द्या." मी मुलगी बघून आलो, पसंती झाली, पेढे वाटले. पेढा तोंडात टाकून हे म्हणाले, "वाळू द्या, मालक." पुढं ते लग्न खरोखरच मोडलं, तेव्हा मुलीकडच्यांपेक्षा मला यांचाच जास्त राग आला होता.

'मालक' म्हणजे मी काही कशाचा मालक नव्हतो. ते चहावाल्यालाही मालक म्हणायचे आणि दारात येणाऱ्या कुत्र्यालाही. सोलापुरात राहिलेल्यांना हे सांगायला नको. आम्ही सगळे त्यांना नुसतं मामा म्हणायचो. घरची भाषा तेलुगू, बोलणं सोलापुरी, आणि रागावले की गप्प. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या हातावरून आज कारखान्यात कुठला रंग चालू आहे ते कळायचं. कधी कोपरापर्यंत तांबडे, कधी हिरवे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा भिवंडीला यंत्रमागावर कामाला होता, आणि मामा रंगखात्याच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे.

मी करमाळ्याकडचा. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा भवानी पेठेतल्या या चादरींच्या कारखान्यात लागलो. तयार चादरी तपासायच्या, घड्या घालायच्या आणि गठ्ठे बांधायचे. आता चादरीची घडी एकट्यानं होत नाही. एकानं इकडची दोन टोकं धरायची, दुसऱ्यानं तिकडची, दोघांनी ताणायची, झटकायची, आणि एकमेकांकडे चालत यायचं. माझा जोडीदार संध्याकाळ झाली की घरी पळायचा, घरी त्याची दोन जुळी पोरं होती. मग मामा हात धुऊन, म्हणजे निम्मा रंग तसाच ठेवून, माझ्यासमोर उभे राहायचे. चालत माझ्यापर्यंत यायचे, त्यांच्या हातातली टोकं माझ्या हातात द्यायचे आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, "आलो, मालक." पन्नास चादरी असल्या तर पन्नास वेळा. सुरुवातीला मला वाटायचं, यांना सांगावं, अहो, मला दिसतंय तुम्ही आलात ते. नंतर सवय झाली. खोलीवर माझीही वाट बघणारं कुणी नव्हतं, मग 'आलो' म्हणणारं एक माणूस बरं वाटायला लागलं.

रंगखात्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. रंगाच्या डब्यांबरोबर परदेशी कंपनी पाठवायची त्यातलं. साल केव्हाच संपलेलं, पण मामांनी ते काढू दिलं नव्हतं. त्यावर बर्फाचा डोंगर होता, डोंगरावरून वळणं घेत खाली येणारा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर सायकलवर एक गोरा माणूस. त्यानं पाय पायडलवरून उचलून दोन्ही बाजूंना सोडून दिले होते. मामा जेवताना त्याच्यासमोर बसायचे. एकदा मला म्हणाले, "हे कुटं हाय?" खाली इंग्रजीत लिहिलं होतं ते मी वाचून सांगितलं, आल्प्स, स्वित्झर्लंड. त्यांनी ते दोनतीनदा म्हणून बघितलं. मग म्हणाले, "हितं जायचं हाय मला."

मी हसलो. कोण हसणार नाही? पण त्यांनी कारण सांगितलं. लहानपणापासून ते खड्ड्यातल्या हातमागावर बसलेले. दिवसभर पायानं पावड्या दाबायच्या, डावी, उजवी, डावी, उजवी. मागावरून उठून रंगकामाला लागले, तर बायको होती तोवर घरून कारखान्यापर्यंत सायकल. पुन्हा डावी, उजवी. "जल्मभर पाय चालवले, मालक. एक रस्ता असा पायजे की पाय हलवायचाच न्हाय. बसायचं आन् यायचं." मी चित्रातल्या माणसाचे सोडलेले पाय पुन्हा एकदा बघितले आणि डबा संपवला.

तेव्हापासून बेत सुरू झाला. मुंबईहून बोटीनं जायचं, सायकल बोटीतच टाकायची. तिथं डोंगरावर चढवणारी काहीतरी गाडी असेलच, नसली तर सायकल ढकलत जायचं. रंगखात्याच्या फरशीवर हौदातलं उरलेलं पाणी बोटानं ओढून मामा मला तो रस्ता काढून दाखवायचे. हिरव्या पाण्याचा डोंगर, तांबड्या पाण्याची वळणं. सोलापूरचा उन्हाळा, बघता बघता सगळा आल्प्स वाळून जायचा. जेवण म्हणून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, म्हणजे महिनाभर चिंता नाही. थंडीचा अंदाज यावा म्हणून एकदा बर्फाच्या कारखान्यात जाऊन लादीवर बसून आले. "लई न्हाय," म्हणाले, "दोन चादरीचं काम हाय." त्यानंतर दोन दिवस त्यांना नीट बसता येत नव्हतं, ते मी बघितलंय.

सराव चालूच होता. सोलापुरात उतार कुठून आणायचा? रेल्वेवरचा पूल तेवढा होता. रोज संध्याकाळी मामा सायकल ढकलत पुलावर जायचे आणि पाय वर उचलून खाली यायचे. पोरं ओरडायची, टांगेवाले शिव्या द्यायचे. कारखान्यासमोरचा चहावाला चाचा ग्लास पुढं करत विचारायचा, "क्या मामा, कब जारे पहाड़ पो?"

"तुमी येतो म्हना, लगेच जाऊ."

"मैं आया तो टपरी कौन देखेगा?"

इथंच सगळं अडत होतं. बोट, बर्फ, परदेश, कशाचीच त्यांना भीती नव्हती. एकट्यानं जायचं नाही, एवढंच होतं. ते सगळ्यांना विचारून झाले. मुलाला विचारलं, तो म्हणाला, बाबा, तब्येत बरी आहे ना? विणकरांना विचारलं. शेठनाही विचारलं, शेठ म्हणाले, आधी माझा निळा रंग काढा, मग आल्प्सला जा. मी एकदा म्हणालो, "मामा, उतारावर तर सायकल एकटीच पळते. जोडीदार कशाला पाहिजे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच वेडा. "आन् सकाळी उठल्यावर चादरीची घडी?"

त्या संध्याकाळी घड्या घालता घालता मी म्हणून टाकलं, "मी येतो, मामा." माझं लग्न नुकतंच मोडलं होतं, मला कुठंही जायचं चाललं असतं. त्यांनी टोकं माझ्या हातात दिली आणि 'आलो' म्हणायचं विसरले. मग म्हणाले, "वाळू द्या." आता काय म्हणावं या माणसाला? वर्षभर सोबती शोधतोय, आणि मिळाला तर त्याला वाळत घालतोय. पुढं महिनाभर विषय काढला नाही. मग एक दिवस भर कामात माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "त्या दिवशीचा रंग टिकला का?"

"टिकला," मी म्हणालो. खरंच टिकला होता.

मग त्यांनी दोन चादरींचं सूत रंगवलं. कॅलेंडरातल्या डोंगराच्या सावलीचा निळा. चादरी विणून आल्यावर मी रंग चित्राशी लावून बघितला तर चादर जास्त गडद. "मामा, चुकलं." ते म्हणाले, "चित्राचा रंग ऊन लागून उडालाय. खरा डोंगर असाच असनार." एक चादर त्यांची, एक माझी. दोन्ही त्यांच्याच पेटीत ठेवल्या.

बोटीच्या आधी मोठ्या उताराचा सराव हवा, म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही तुळजापूरला निघालो. सायकली एस.टी.च्या टपावर. कंडक्टर म्हणाला, "सायकली हायत तर एस.टी. कशाला?"

"उतरायला जातोय," मामा म्हणाले.

"उतरायला वर चाललाय व्हय?" कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला आणि मागच्या माणसाला हे सांगून आला.

देवीचं दर्शन घेतलं, मळवट भरला, आणि घाटाच्या तोंडाशी आलो. खाली रस्ता वळत वळत उतरलेला, पलीकडे सगळा माळ. मामांनी धोतर खोचलं, ब्रेक दाबून बघितले, माझ्याकडे वळून म्हणाले, "चला, मालक." आणि पाय उचलून सोडून दिले. कॅलेंडरातल्या माणसासारखे, अगदी तसेच. पहिल्या वळणावर त्यांचं मुंडासं दिसलं, मग तेही दिसेना.

मी निघालो, पण पहिल्याच वळणावर समोरून ट्रक आला. उतरलो आणि सायकल हातात धरून चालायला लागलो. ब्रेकची खात्री नव्हती, आणि माझी तर मुळीच नव्हती. म्हटलं, मामा खाली झाडाखाली बसले असतील, मजेत बिडी ओढत.

बराच चाललो. ऊन चढलं होतं. आणि एका वळणावर बघतो तर खालून मामा येतायत. सायकल ढकलत, वाकून, प्रत्येक पावलाला खोकत. अंगरखा घामानं चिकटलेला, मळवट नाकापर्यंत ओघळलेला. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बोलायला दम नव्हता, तरी म्हणालेच.

"आलो, मालक."

"अहो, परत कशाला चढलात? मी येतच होतो की खाली."

ते कठड्यावर बसले. खोकला थांबेपर्यंत मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "लई ग्वाड वाटलं. पाय हलवला न्हाय, वरपासनं खालपर्यंत. खाली पोचलो आन् सांगावं म्हनून मागं वळलो." मुंडाशाच्या टोकानं नाकावर ओघळलेलं कुंकू पुसलं. "कुनीच न्हाय हो. नुसता रस्ता."

मी म्हणालो, चला, आता बसा सायकलवर, मी हळूहळू येतो. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मग त्या आख्ख्या घाटातून आम्ही दोघं सायकली हातात धरून चालत उतरलो. जन्मभर पाय चालवलेल्या माणसाला जो उतार हवा होता तो समोर पडलेला, आणि हा माणूस माझ्या बाजूनं चालतोय. मधेच ते मला झाडं दाखवत होते, मधेच बोटीचं बोलत होते. असा चांगला दिवस माझ्या आयुष्यात फार आलेला नाही.

तो खोकला मात्र गेला नाही. भट्टीची वाफ छातीत बसलीच होती, पावसाळ्यात ती उठली. लडी उजेडात धरली की उबळ यायची आणि ती खाली ठेवायला लागायची. संध्याकाळी चादरीचं टोक धरायला यायचे, पण चालत माझ्यापर्यंत पोचताना मधेच थांबायचे. दिवाळीनंतर मुलगा आला. चांगला मुलगा होता, वाईट बोलणार नाही. म्हणाला, इथं एकट्याला ठेवणार नाही. भिवंडीत खोली लहान, सायकल नेता येणार नव्हती. मामांनी ती रंगखात्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. पेटीतली एक चादर त्यांनी वळकटीत घातली आणि दुसरी माझ्या हातात दिली.

मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. दुपारची गाडी होती. खिडकीतून त्यांचे हात बाहेर दिसत होते. त्या हातांवर कुठलाच रंग नव्हता, आणि ते मला कुणा दुसऱ्याचे हात वाटले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, आल्प्सचं काय मग?"

मला वाटलं होतं, 'वाळू द्या' म्हणतील. तर ते म्हणाले, "जाऊ की. पुढच्या साली नक्की जाऊ."

मला ते आवडलं नाही. आयुष्यात कधी ओल्या शब्दावर भरवसा न ठेवलेला माणूस मला ओला शब्द देत होता. गाडी हलली, आणि मी पुलावरून चालत खोलीवर आलो.

पुढच्या साली भिवंडीहून परत आलेल्या एका विणकरानं सांगितलं की मामा गेले. उन्हाळ्यातच गेले होते. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवणार तरी कुणाला, आम्ही त्यांचे कोण? त्या दिवशी जोडीदार घरी गेल्यावर घड्यांचं काम राहिलं. मी चादरींच्या ढिगाशी नुसता बसून राहिलो. फार एकटं वाटलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. जाताना रंगखात्यातलं कॅलेंडर काढून घेतलं आणि खोलीतल्या एकुलत्या एका खिळ्याला लावलं.

त्या हिवाळ्यात निळी चादर पहिल्यांदा पांघरली. रंग जरासुद्धा उतरलेला नव्हता, आजही उतरलेला नाही. सकाळी उठलो आणि घडी घालायला गेलो तर समोर कुणी नाही. मग कॅलेंडर काढून खाटेवर ठेवलं. चादर लांबीत दुमडली, एका बाजूच्या दशा, म्हणजे कडेला सुटलेलं सूत, खिळ्याला अडकवल्या, दुसरी बाजू हातात धरून दारापर्यंत मागं सरलो. ताणली, झटकली, आणि चालत भिंतीकडे गेलो.

खिळ्यापाशी पोचलो आणि माझ्याच तोंडून निघालं, "आलो, मामा."