शेततळ्यातल्या विषाचा तपास

फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळी सव्वादहा. हजर: ठाण्याचा प्रभारी म्हणून मी, ठाणे अंमलदार, लेखनिक हवालदार, एक शेतकरी आणि त्याच्या पिशवीतले सात मेलेले रोहू मासे. नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झालेत, पण त्या पिशवीचा वास अजून नाकात आहे.

माझं ठाणं सातारा-सांगलीच्या हद्दीवरचं. या शेतकऱ्याने उसाचं थोडं रान मोडून शेततळं केलं होतं आणि त्यात रोहू-कटला सोडले होते. आठ दिवसांपासून रोज मासे मरत होते, अंगावर लाल जखमा. शेजारच्या पोराने विष टाकलं, असं त्याचं ठाम म्हणणं. महिन्यापूर्वी बांधावरून त्यांची जुंपली होती आणि ‘तुमच्या तळ्याकडं बघतोच’ असं पोरगा चारचौघांत बोलला होता.

दुपारी खबरही आली. स्टँडवरच्या चहावाल्याने सांगितलं, पोराला पाठीवर फवारणीचा पंप घेऊन तळ्याच्या कडेने जाताना त्याने पाहिलंय. धमकी, पंप, मेलेले मासे. कागदावर सगळं छान जुळत होतं.

अडचण दुसऱ्या फायलीत होती. या पोराची सैन्यात निवड झाली होती आणि त्याचा चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर सहीला आला होता. गुन्हा दाखल झाला असता, तर भरती तिथेच अडकली असती.

पोराला बोलावलं, तीन तास बाकावर बसवलं, मग विचारपूस सुरू केली. पंपात तणनाशक होतं, स्वतःच्या उसाला मारायला नेलं होतं, असं तो म्हणाला. धमकीचं विचारलं तर मान खाली न घालता बोलला, “बोललो ते खरं हाय, साहेब. रागात माणूस लय बोलतो. पर माशांनी माझं काय वाकडं केलंय?”

खोटं बोलणारा सहसा आधी धमकीच नाकारतो. याने ती कबूल केली, हे मी वहीत टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला तळ्यावर गेलो. काठावर बेडूक ठणठणीत. एक तर थेट पंचाच्या चपलेवर बसला. पंच म्हातारा, जागेवरून हलला नाही. म्हणाला, “साहेब, विष काय बेडूक वळखून सोडून देतंय व्हय?” मुद्दा बरोबर होता. शिवाय विषाने मासे एकदम मरतात, इथे रोज थोडे थोडे मरत होते.

सांगलीच्या विश्रामबागेत माशांच्या रोगांवर काम करणाऱ्या एक प्राध्यापक मॅडम राहतात. मेलेले मासे नकोत, तळ्याच्याच पाण्यात जिवंत आणा, असं त्यांनी बजावलं. बादली घेऊन गेलो. त्यांनी भिंग दिलं. माशाच्या कल्ल्यांच्या आसपास आणि परांवर चपट्या, गोल, काचेसारख्या किड्यांची लगबग चालली होती. माशांच्या उवा. त्या रक्त पितात, मासा अंग घासतो, जखम होते आणि जखमेत जिवाणू शिरून ती चिघळते. मॅडमनी एवढंच विचारलं, “या तळ्यात बाहेरून काय आलं?”

माझ्याकडे यादी तयार होती: महिनाभरात तळ्यावर कोण कोण आलं, अकरा नावं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

तळेवाल्याला फोन लावला. तो आठवत आठवत बोलत होता आणि बोलता बोलता जाळ्यावर आला. माशांची वाढ बघायला त्याने जाळं ओढलं होतं. कुणाचं? गावाचं. गावात मोठं जाळं एकच, ते पाझर तलावावरचं. ज्याला लागेल तो नेतो. वाळवायला दोन दिवस जातात आणि पुढचा माणूस दारात उभा असतो, म्हणून ते ओलंच फिरतं. तलावातले मासे धरून पाहिले, तर त्यांच्या अंगावरही त्याच उवा.

तळेवाला म्हणाला, “म्हंजे मारेकरी मीच खांद्यावर घिऊन आलो की.”

संध्याकाळी त्याने तक्रारीचा अर्ज मागे घेतला आणि मी पडताळणीच्या कागदावर सही केली. मॅडमच्या औषधाने उरलेले मासे वाचले. पुढे तो दोन चांगले रोहू घेऊन पोराच्या घरी गेला. पोराच्या आईने दारातच विचारलं, “आवं, उवा काढून आणल्यात न्हवं?” मग सगळेच हसले आणि कालवण झालं.

यादी फक्त तिच्या मथळ्यापुरतं उत्तर देते, हे मी या प्रकरणात शिकलो. संशय घ्यायला आपल्याला माणूस लागतो, कारण जाळ्याशी भांडता येत नाही. त्यानंतर प्रत्येक तपासात मी दोन रकाने आखले: कोण आलं आणि काय आलं.

आणखी एक चूक माझ्या एकट्याची. आधी तळं बघायचं होतं, मग पोराला बोलवायचं. मी क्रम उलटा केला. ते तीन तास त्याने बाकावर कसे काढले असतील, हे मी कधी विचारलं नाही. आता तो दरवर्षी सुट्टीवर आला की घरी येतो, दारात कडक सलाम ठोकतो, सीमेवरच्या थंडीच्या गोष्टी सांगतो. मी चहा देतो, तब्येत विचारतो. ‘चुकलं माझं’ एवढं म्हणायचं दर वेळी ठरवतो. यंदाही तो येऊन गेला आणि ते राहिलंच.