ओढ्यापलीकडे उभं असलेलं गाव

खानापूरच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या रानात, तलाठी म्हणून माझ्याकडे नऊ गावं होती. नऊ गावं ऐकून कुणाला मी मोठा अंमलदार वाटेन. पण नऊही गावांची माणसं गोळा केली असती तरी बेळगावच्या खडेबाजारातली एक गल्ली भरली नसती. एका गावाहून दुसऱ्या गावी पोचायला अर्धा दिवस लागे, आणि पावसाळ्याचे चार महिने जायचं नावच नको. ओढे फुगले की सरकार खानापुरात आणि रयत रानात, एकमेकांना विसरून दोघंही सुखात असत. नकाशावर मात्र प्रत्येक गावाला लाल शाईची शीव होती. मी शहापूरच्या विणकराच्या घरातला. मागाच्या खड्ड्यात जन्म काढायला नको म्हणून ही नोकरी धरली आणि पायांची पार वाट लावून घेतली.

नववं गाव अकरा घरांचं. तिथला पाटील साठीचा होता, मी त्याला आप्पा म्हणायचो, तो मला अण्णा. गेलो की तो आधी पाय धुवायला गरम पाणी द्यायचा, मग नाचणीची भाकरी, आणि सरकारी कामाचा विषय शेवटी, तोही मीच काढला तर. त्या रानात मला माणसासारखं वागवणारा तेवढाच एक होता.

एका उन्हाळ्यात वरून हुकूम आला. ज्या गावात वस्ती उरली नाही ते 'बेचिराख' लिहायचं, आणि त्याची जमीन जंगल खात्याकडे द्यायची. बेचिराख म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. प्रांतसाहेब स्वतः फिरून खात्री करणार होते. दिवस कोणता ठेवू, असं कचेरीने मला विचारलं आणि मी चैत्रातली एकादशी सांगितली. आप्पाला निरोप धाडला, त्या दिवशी सगळे हजर राहा. उलट निरोप आला, "व्हय, समदी असतोय."

आम्ही पोचलो तर अकराही घरं रिकामी. अंगणं सारवलेली, दारं ओढून घेतलेली. कोंबडं नाही, कुत्रं नाही, देव्हाऱ्यात देवसुद्धा नाहीत. साहेबांनी एका चुलीत हात घातला. राख थंड होती.

आणि ओढ्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, सगळं गाव उभं होतं. बाया, पोरं, म्हातारी माणसं, बांधलेली गुरं, तीन दगडांच्या चुलींचा धूर. आम्हाला बघून आप्पाने पटका काढून हलवला.

दर तीन वर्षांनी तिथे गावदेवीचे वार पाळत. पाच दिवस गावात चूल पेटवायची नाही, शिवेच्या आत कुणी थांबायचं नाही. मला तिथे दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे ठाऊक नव्हतं. आणि एवढी मोठी गोष्ट सरकारी माणसाला माहीत नसेल, हे आप्पाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ओढा हीच लाल शाईची शीव होती. माणसं उभी होती ती शेजारच्या गावाच्या हद्दीत.

मी धावत काठावर गेलो, आप्पाकडून सगळं समजून घेतलं आणि परत येऊन साहेबांना सांगितलं. साहेब गोरा नव्हता, आपल्यातलाच होता, शिकलेला, सभ्य. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "त्यांच्यातल्या एकाने इकडे येऊन चूल पेटवू दे. मी वस्ती आहे असं लिहितो. मी थांबू शकत नाही, पुढचा मुक्काम ठरलेला आहे."

मी पुन्हा काठावर गेलो. आप्पा ऐकत राहिला. मग त्याने एक पाय पाण्यात टाकला आणि मागे वळून पाहिलं. त्याची सून पोर कडेवर घेऊन उभी होती, तिने पोराचं तोंड पदराखाली घेतलं.

आप्पाने पाय मागे घेतला. "मागं एकानं वार मोडलाता, अण्णा. पोरांस्नी अंगावर देवी आलत्या. एकाच घरातली चार पोरं गेली. दोन दिस थांबा म्हणावं की सायबास्नी. परवा समदी घरात असतोय."

साहेब थांबला नाही. त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. बेचिराख. माझं अक्षर चांगलं होतं, सगळे म्हणायचे.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. काडेपेटी माझ्या खिशात होती. साहेबाला कुणाचा तरी विस्तवच हवा होता. मी कोरडी पानं गोळा करून चूल पेटवली असती, माझी पथारी तिथे टाकली असती, तर निदान त्याला दुसऱ्यांदा विचार करावा लागला असता. पण मला नोकरीची भीती वाटली. देवीची नव्हे, नोकरीची.

पुढच्या वर्षी रानाचे पहारेकरी आले. अकरा घरं उठली, चार गावांत पांगली. मी अर्ज लिहून दिले, एकामागून एक. उत्तर दर वेळी तेच यायचं. दिवा लागत असल्याचा दाखला आणा, मग राहायची परवानगी देऊ. आणि परवानगीशिवाय दिवा लावला की पहारेकरी विझवायचे.

सत्तेचाळीस साली, कचेरीवर नवं निशाण लागल्यावर, आप्पा खानापुरात आला. मी तेव्हा कारकून झालो होतो. त्याला नीट दिसत नव्हतं, भिंतीला हात लावत लावत तो माझ्या टेबलापाशी आला.

"आता आपलं सरकार आलंय म्हणत्यात. तुमीच लिवलंय, तेवढं खोडा की अण्णा."

नव्या सरकारसाठी गावांची यादी नुकतीच उतरवून झाली होती. तो शब्द मी पुन्हा एकदा, सुवाच्य अक्षरात, लिहिला होता. हे त्याला सांगायला मला तोंड नव्हतं. जमत नाही, एवढंच म्हणालो.

तो समोर टेकला. मी चहा मागवला, त्याने घेतला नाही. उठताना म्हणाला, "येत्या चैतात वार येत्यात. पाळायचं म्हटलं तर गाव सोडून भायेर जायला लागतंय. कुठलं सोडू, सांगा की."