गुळाची पृथ्वी

बँकेतून घरी आले की माझ्यात पर्स खुंटीला अडकवण्यापुरतीच ताकद उरते. त्या दिवशी ती अडकवायच्या आतच सातवीतली लेक म्हणाली, "आई, उद्या पृथ्वीच्या अंतरंगाचं मॉडेल न्यायचंय. वर्गातलं एकच प्रदर्शनाला जाणार. आणि या वेळी विकतचं नको."

आम्ही राहतो राजारामपुरीत. जिना उतरलं की दुकानात थर्माकोलची रंगवलेली पृथ्वी तयार मिळते. पण गेल्या वर्षी तिचा विकतचा ज्वालामुखी आणि शेजारच्या बाकावरचा ज्वालामुखी जुळे भाऊ निघाले होते. सगळा वर्ग हसला होता. ते तिला लागलं होतं.

सासूबाई शाहूवाडीकडच्या. त्यांनी पुस्तकातलं चित्र चष्मा वरखाली करून पाहिलं. "आत काय काय हाय म्हणं?"

"मधोमध घट्ट अंतर्गाभा, आज्जी. त्याच्याभोवती पातळ बाह्यगाभा, मग जाड प्रावरण. आणि वर भूकवच."

"मग गुळाची कर की! घट्टाला खडा हाय, पातळाला काकवी हाय. थर्माकोल काय खायाचाय व्हय?"

मी विरोध करायला हवा होता. पण विरोध करायला उभं राहावं लागतं, आणि मी नुकतीच बसले होते.

लोखंडी कढईला आतून जोंधळ्याचं पीठ थापलं, ते भूकवच. त्यावर गरम करून मऊ केलेला गूळ लिंपला. मधल्या खळग्यात काकवी ओतली आणि तिच्यात गुळाचा मोठा खडा बसवला. पृथ्वी इतकी चिकट असेल असं मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी स्कूटरवर कढई पायांत धरून, प्रत्येक गतिरोधकाला हात जोडत आम्ही शाळेत पोचलो. पृथ्वी शाबूत होती. सर वाकून बघत म्हणाले, "अरे वा, बाह्यगाभा खरंच पातळ!" लेकीचा चेहरा असा उजळला की मी बँकेचा उशीर विसरले.

"मागच्या बाकांना दिसत नाही बाळ, जरा उभी धर."

आज्ञाधारक मुलीनं धरली. पृथ्वी कुणी उभी करेल, हे आम्हा तिघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाह्यगाभा टेबलावरून सरांच्या बुटांवर उतरला.

"सर, लाव्हा!" मागून कुणीतरी ओरडलं. मी ओढणीनं टेबल पुसलं, बूट पुसले आणि मुंग्यांना आवडेल अशा अवस्थेत बँकेत गेले.

संध्याकाळी तिला आणायला गेले. निवड थर्माकोलची झाली होती. प्रावरण वर्गानं मधल्या सुट्टीत खाल्लं होतं. कढईत उरला होता नुसता अंतर्गाभा. ती मांडीवर घेऊन लेक मागे बसली. सिग्नलला म्हणाली, "आई, सगळ्यात गरम तर मधेच असतं ना? मग तिथं घट्ट कसं राहतं?"

"वरून सगळ्यांचा भार असतो गं. वितळायला सवडच मिळत नाही."

मग ती माझ्या पाठीवर डोकं टेकून म्हणाली, "पुढच्या वर्षीपण आपणच करायचं हं. फक्त काकवीवर झाकण लावू."

मला सरांचे बूट आठवले. तरी मी "हं" म्हणाले.

घरी सासूबाईंनी अंतर्गाभा बत्त्यानं फोडला आणि चहात टाकला. "न्हाय निवडली तर न्हाय," कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "बस आधी."