गोठवलेले उंदीर आणि नवव्या मजल्यावरचे काका

सिंगापुरात कायद्याला घाबरणारी माणसं पुष्कळ आहेत. पण सरकारनं अजून केलेच नाहीत अशा कायद्यांनाही घाबरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. टॅम्पिनीसला आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहणारे काका. नात्यानं आमचे कुणी नव्हेत. माझ्या नवऱ्याच्या बँकेतले वरिष्ठ, पंचावन्नच्या घरातले. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा "खिडकीबाहेर कपडे वाळत घालशील तर बांबू घट्ट बसव, कुणाच्या डोक्यात पडला तर पोलीस येतात," या शब्दांत त्यांनी माझं स्वागत केलं होतं. रस्ता दोन्ही बाजूंनी ओस पडलेला असो, वरून पाऊस कोसळत असो, सिग्नलवरचा हिरवा माणूस दिसेपर्यंत काका कडेला भिजत उभे राहत. एकदा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्यांना असा ठसका लागला की बुबुळं बाहेर यायची वेळ आली. पाण्याची बाटली हातातच होती, पण गाडीत पाणी प्यायला बंदी! समोरची चिनी आजी "ड्रिंक, ड्रिंक, नेव्हर माइंड लाह" म्हणून विनवतेय आणि काका लालेलाल होऊन मान हलवताहेत. शेवटी बेडोकला उतरले, जिना उतरून फाटकाबाहेर गेले, दोन घोट प्यायले आणि पुन्हा कार्ड लावून वर आले. मला म्हणाले, "ठसक्यानं माणूस मरत नाही गं. अब्रू गेली की मरतो."

आम्ही हसायचो. काकू आजारी पडल्या त्या वर्षी ते हसणं संपलं. इस्पितळातल्या शेवटच्या संध्याकाळी भेटीची वेळ संपली, तेव्हा त्यांची सतरा वर्षांची लेक आईचा हात सोडेना. "बाबा, प्लीज, जस्ट आस्क देम." काकांनी विचारलं नाही. नियम तो नियम, सकाळी लवकर येऊ, असं म्हणून ते तिला घरी घेऊन आले. उजाडायच्या आत काकू गेल्या. विचारलं असतं तर राहू दिलं असतं, असं एका नर्सनं नंतर सहज सांगितलं, आणि ते नेमकं लेकीच्या कानावर पडलं. पुढची दोन वर्षं बापलेक एका फ्लॅटमध्ये दोन भाडेकरूंसारखे राहिले. मग ती मेलबर्नला शिकायला निघून गेली.

ती गेली त्या रविवारी दुपारी काका आमच्या दारात उभे. चेहरा पांढराफटक. "जरा वर ये." लेकीच्या खोलीतलं कपाट त्यांनी उघडून दाखवलं. कपडे नव्हते. खालच्या कप्प्यात भोकं पाडलेला प्लास्टिकचा मोठा डबा, आणि डब्यात तांबूस-नारिंगी रंगाचा, हातभर लांबीचा साप वेटोळं घालून बसलेला. झाकणावर इंग्रजीत चिठ्ठी: हा विषारी नाही. मैत्रिणीनं देश सोडताना मला दिला. दर दहा दिवसांनी एक उंदीर. फ्रीजरमध्ये मटारच्या मागे आहेत. कोमट पाण्यात ठेवून बर्फ उतरू द्यायचा, मायक्रोवेव्ह नाही. त्या 'नाही'खाली तीन रेघा ओढलेल्या. ज्या घरात केकसुद्धा अंड्याची चौकशी केल्याशिवाय यायचा नाही, त्या घरात मटारमागे तीन पांढरे उंदीर पिशवीत गोठून पडले होते.

सिंगापुरात घरी साप पाळायला बंदी आहे, हे मलासुद्धा ठाऊक होतं. म्हटलं, "काका, सरकारला कळवून टाका."

"कुणाचा म्हणून सांगू? तिचं नाव घेऊ?" काका चिठ्ठीची घडी घालत म्हणाले. "तिची आई गेल्यापासून तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट आहे."

तीन उंदीर महिन्याभरात संपले आणि काकांची वणवण सुरू झाली. बँकेच्या कपड्यांत, टाय लावून, ते पाळीव प्राण्यांच्या दुकानांत शिरत आणि गुन्हा कबूल करावा तशा आवाजात 'फ्रोझन माइस' मागत. एका दुकानदारानं त्यांच्या तळहातावर गुबगुबीत उंदरासारखा जिवंत हॅमस्टर ठेवला, "व्हेरी फ्रेंडली, अंकल." तो त्यांचं बोट हुंगू लागला तसे काका हात जोडून पळाले. अखेर यिशुनला शोभेच्या माशांच्या दुकानात माल सापडला. मोठ्या माशांना खायला म्हणून तिथं गोठवलेले उंदीर ठेवत. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "युअर फिश हाऊ बिग, अंकल?" काकांनी घाबरून दोन्ही हात पसरले. "वाह, सो बिग!" म्हणत बाईंनी मोठ्ठे उंदीर काढले. तेव्हा काकांना हात आखडते घ्यावे लागले. पुढे दर खेपेला बाई माशाची खुशाली विचारत आणि खोटं बोलायची सवय नसलेले काका त्याला बोटभर वाढवून येत. वर्षभरात तो मासा त्यांच्या बाथरूममध्येही मावला नसता.

उंदीर भरवायचा पहिला दिवस मी पाहिला. काकांनी चिमट्यात उंदराचं शेपूट धरलं, तोंड भिंतीकडे केलं आणि "झालं का? झालं का?" असं मला विचारत राहिले. झाल्यावर अंघोळ केली, देवापुढे निरांजन लावलं आणि चिमट्यावर मार्करनं 'साप' असं लिहून ठेवलं. पण त्याच संध्याकाळी मेलबर्नहून फोन आला. "बाबा, ईट ऑलरेडी?" काका भारावून म्हणाले, "हो गं, मुगाची खिचडी." "नॉट यू, बाबा. हिम!" मग दर दहा दिवसांनी फोन येऊ लागला. आधी दोन मिनिटं, सापापुरता. मग सापानंतर तिथली थंडी, परीक्षा, पोळ्या का वातड होतात. काका तो दिवस सोडून बाकीचे नऊ दिवस नुसते काढत.

दुसऱ्या वर्षी सापानं खाणं सोडलं. लागोपाठ तीन वेळा उंदीर तसाच उरला. अंग वाळलं, कातडी निस्तेज झाली. फोनवर काका "खाल्लं, खाल्लं" म्हणत, आणि रिसीव्हर ठेवला की बराच वेळ त्याच्यावरचा हात काढत नसत. पाळायलाच बंदी, तर डॉक्टरकडे नेणार कसं? एका सोमवारी त्यांनी रजा टाकली, शर्टाला इस्त्री केली, डबा कापडी पिशवीत घातला आणि मला म्हणाले, "सोबत येशील? मला एकट्याला बोलता येणार नाही."

वन्यप्राण्यांच्या सरकारी कचेरीत काउंटरवर एक तरुण अधिकारी बाई होती. डबा बघून तिनं विचारलं, "हूज स्नेक, अंकल?"

"माइन."

"कुठून आणला?"

काकांनी रिकाम्या कापडी पिशवीची घडी घातली. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा काउंटरवर दोन्ही हात टेकून, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात काका म्हणाले, "पनिश मी लेटर. प्लीज, फर्स्ट कॉल द डॉक्टर." त्यांना इतक्या मोठ्यानं काही मागताना मी कधी ऐकलं नव्हतं.

साप त्यांनी ठेवून घेतला, काकांना ताकीद लिहून मिळाली. सगळ्या कागदांवर काकांनी स्वतःचंच नाव लिहिलं. चौथ्या दिवशी साप गेल्याचा फोन आला. काकांनी लेकीला खरं ते सांगितलं: सरकारकडे नेऊन दिला, तो गेला. ती एवढंच म्हणाली, "ऑफ कोर्स यू डिड," आणि फोन ठेवला. दहा दिवस झाले, वीस झाले. मी म्हटलं, "तुम्ही का नेलात ते तिला सांगा तरी." काका म्हणाले, "मी नियम पाळला, असंच तिला वाटणार. त्यात तिची काय चूक?" त्या आठवड्यात ते मुद्दाम यिशुनला गेले आणि दुकानातल्या बाईंना मासा मेल्याचं सांगून आले. बाईंनी म्हणे हात हातात घेतला. "मासा म्हणून का होईना," काका म्हणाले, "कुणीतरी हळहळलं गं त्याच्यासाठी."

नंतर त्यांनी नोकरी सोडली आणि ते पुण्याला बहिणीजवळ जाऊन राहिले.

पुढच्या डिसेंबरात लेक आईचं उरलंसुरलं सामान न्यायला आली. किल्ली माझ्याकडे होती. चहा घेताना म्हणाली, "आंटी, बाबा पोलिसांना घाबरले ना?" मग मी तिला तो सोमवार सांगितला. इस्त्रीचा शर्ट, 'माइन', डॉक्टरला बोलवा म्हणून चढलेला आवाज. तिच्या कपातल्या चहावर साय धरली. बराच वेळ ती माझ्या टेबलाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिली. तिचं मेलबर्नचं तिकीट गुरुवारचं होतं.

"पुण्याला आता थंडी असते का?" तिनं मराठीत विचारलं, शब्द चाचपत.

"असते. सकाळी चांगलीच असते," मी म्हटलं आणि आत गेले. कपाटाच्या तळाशी माझा लोकरी स्वेटर होता, सहा वर्षांत या गावात एकदाही अंगाला न लागलेला. डांबरगोळ्यांचा वास येत होता. तो झटकून मी तिच्या हातात दिला. तिनं तिथंच, त्या उकाड्यात, अंगात घालून बघितला. बाह्या थोड्या लांब होत होत्या.